हॅलोवीन गॅम्बिट: घोडा दिल्यानंतरच्या चालींचा क्रम

हॅलोवीन गॅम्बिट या बुद्धिबळातील सुरुवातीच्या प्रकारात पांढरा खेळाडू चौथ्याच चालीला ई५ वरचे प्यादे मारून आपला घोडा देऊन टाकतो आणि त्या मोबदल्यात मध्यभागातील दोन प्यादी पुढे रेटून काळ्याचे घोडे मागे हाकलतो. घोडा देण्याची ती एक चाल सर्वांच्या लक्षात राहते, परंतु त्यानंतरच्या पाच-सहा चालींचा क्रम बहुतेकांच्या हातून चुकतो आणि मग एक मोहरा कमी असलेला साधा, हरलेला डाव पुढे ओढत न्यावा लागतो. शिकवताना मला हे इतक्या वेळा पाहावे लागले आहे, की तो क्रम कारणांसह एकदा सविस्तर लिहून काढणे आवश्यक वाटले.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो. काळ्याने अचूक उत्तरे दिली, तर या गॅम्बिटमध्ये त्याचीच बाजू सरस राहते. म्हणून दीर्घ वेळेच्या डावात, तयारीने आलेल्या प्रतिस्पर्ध्याविरुद्ध मी हा मार्ग सुचवणार नाही. रॅपिड आणि ब्लिट्झ या कमी वेळेच्या डावांत मात्र काळ्याला पटासमोर बसून एकापाठोपाठ एक अवघड निर्णय घ्यावे लागतात, आणि पांढऱ्याने क्रम पाळला असेल तर त्या दडपणाचा खरा लाभ मिळतो.

चाली लिहिताना घोड्यासाठी ‘घो’, उंटासाठी ‘उं’, वजिरासाठी ‘व’, हत्तीसाठी ‘ह’ आणि राजासाठी ‘रा’ ही अक्षरे वापरली आहेत. नुसते घर लिहिले असेल तर ती प्याद्याची चाल समजावी, आणि × हे चिन्ह मारण्यासाठी आहे. आकड्यानंतर तीन टिंबे असतील, तर ती काळ्याची चाल समजावी.

टप्पा १: पटावर नेमकी हीच स्थिती आहे का, ते पाहणे

आवश्यक स्थिती या चालींनी येते: १. ई४ ई५ २. घो-एफ३ घो-सी६ ३. घो-सी३ घो-एफ६. आता ४. घो×ई५ घो×ई५ ५. डी४.

या बलिदानामागचे सगळे गणित काळ्याच्या दोन घोड्यांवर उभे आहे. डी४ या चालीने ई५ वरच्या घोड्याला हलावे लागते, आणि त्यानंतर ई५ या चालीने एफ६ वरच्या घोड्याला हलावे लागते. दुसरा घोडा एफ६ वर नसेल, तर हाकलण्यासारखे काही उरत नाही आणि बलिदान निम्म्यावरच संपते. म्हणून काळ्याने तिसऱ्या चालीला वेगळे काही केले असेल, तर थांबून विचार करणे भाग आहे.

३... डी६ असेल तर ४. घो×ई५ ही सरळ चूक आहे, कारण काळा डी६ वरच्या प्याद्याने घोडा मारतो आणि त्याचे प्यादे ई५ वर येऊन मध्यभाग त्याच्याकडेच राहतो. ३... जी६ नंतर एफ६ वर घोडा नसल्यामुळे एकच चाल वसूल होते. ३... उं-बी४ नंतर सी३ वरच्या घोड्यावर आधीच दाब आलेला असतो.

३... उं-सी५ चे प्रकरण वेगळे आहे. तिथेही ४. घो×ई५ खेळता येते, पण ते बलिदान नव्हे: ४... घो×ई५ ५. डी४ ने घोडा आणि उंट एकाच वेळी धोक्यात येतात आणि मोहरा परत मिळतो. ही युक्ती आणि हॅलोवीन गॅम्बिट यांची गल्लत नवशिके सर्रास करतात. हॅलोवीनमध्ये मोहरा परत मिळण्याची कोणतीही हमी नाही.

इटालियन पद्धतीत, म्हणजे पांढरा उंट सी४ वर असताना, घोडा ई५ वर मारण्याचा मोह टाळावा. काळा घोडा ई५ वर येताच त्या उंटावरही हल्ला होतो, आणि डी४ खेळल्यास तो घोडा उंट घेऊनच जातो.

*तपासणी:* स्पर्धेत हात लावलेला मोहरा चालवावाच लागतो. म्हणून एफ३ वरच्या घोड्याला हात लावण्यापूर्वी काळ्याचे दोन्ही घोडे सी६ आणि एफ६ वर आहेत ना, हे डोळ्यांनी पाहून घ्यावे. सवयीने चौथी चाल आपोआप खेळून घोडा गमावलेले खेळाडू मी पाहिले आहेत.

टप्पा २: आपण काय दिले आणि काय घेतले, याचा हिशेब

प्रचलित मूल्यांनुसार घोडा तीन प्याद्यांच्या बरोबरीचा मानला जातो. आपण घोडा देऊन एक प्यादे घेतो, म्हणजे दोन प्याद्यांएवढी तूट पत्करतो. ही तूट भरून काढण्यासाठी आपल्याकडे तीनच गोष्टी आहेत: मध्यभागातील प्याद्यांची जोडी, काळ्याच्या घोड्यांना हाकलताना वाचलेल्या चाली, आणि काळ्याचा राजा ई८ वर अडकून राहण्याची शक्यता.

या तिन्ही गोष्टी टिकाऊ नाहीत. काळ्याने किल्लेकोट केला आणि मोहरे बाहेर काढले, की त्या नाहीशा होतात. घोड्याची तूट मात्र कायम राहते. म्हणूनच या प्रकारात ‘जरा सुरक्षित’ वाटणारी ए३ किंवा एच३ सारखी चाल बहुधा सर्वांत महाग ठरते.

टप्पा ३: आधी डी४, मगच बाकीचे

४... घो×ई५ नंतर काही जण ५. एफ४ खेळतात, कारण त्यानेही ई५ वरचा घोडा हलतो. हा क्रम चुकीचा आहे. एफ४ ने आपल्या राजाकडे जाणारा जी१-ए७ हा तिरपा मार्ग उघडतो, आणि सी५ चे घर काळ्याच्या उंटासाठी मोकळे राहते. ५. डी४ मात्र घोड्याला हाकलते, सी१ वरच्या उंटाची वाट उघडते, सी५ वर ताबा ठेवते आणि पुढे ई५ वर येणाऱ्या प्याद्याला आधार देते. एका चालीत इतकी कामे करणारी दुसरी चाल इथे नाही.

यापुढे काळ्याचा घोडा कुठे जातो, यावर सगळे अवलंबून आहे. घो-जी६ आणि घो-सी६ ही दोन मुख्य उत्तरे आहेत, आणि त्या दोहोंनंतर पांढऱ्याच्या चालींचा क्रम निरनिराळा आहे. बहुसंख्य चुका इथेच होतात, कारण खेळाडू एकच क्रम पाठ करून दोन्हीकडे वापरतात.

टप्पा ४: घोडा जी६ वर गेला तर

५... घो-जी६ नंतर लगेच ६. ई५. आधी ६. उं-सी४ खेळल्यास काळा डी५ ने मध्यभाग फोडतो, एफ६ वरचा त्याचा घोडा जागेवरच राहतो आणि आपली दुसरी चाल वसूल होत नाही.

६. ई५ नंतर एफ६ वरच्या घोड्याची खरी कोंडी होते. तो एच५ किंवा जी४ वर गेला, तर डी१ वरचा वजीर त्याला सरळ मारतो, कारण डी१-एच५ हा मार्ग आता पूर्ण मोकळा आहे. डी५ किंवा ई४ वर गेला, तर सी३ वरचा घोडा मारतो. म्हणून त्याला ६... घो-जी८ असे मूळ घरीच परतावे लागते.

*धोका:* काळा ६... व-ई७ खेळू शकतो. वजीर आणि आपला राजा एकाच पट्टीत येत असल्यामुळे ई५ चे प्यादे अडकते आणि एफ६ वर मारणे नियमानेच शक्य राहत नाही. घाई न करता ७. उं-ई२ खेळावे, म्हणजे प्यादे सुटते आणि घोड्यावरचा धोका पुन्हा उभा राहतो. मग घोडा जी८ वर परतल्यास ८. घो-डी५ ने वजिराला हाकलता येते.

६... उं-बी४ आल्यास ७. ई×एफ६ व×एफ६ ने मोहरा परत मिळतो आणि बळ समसमान होते. इथे डी४ वर काळ्या वजिराची नजर असते, म्हणून ८. उं-ई३ खेळून त्याला आधार द्यावा.

मुख्य मार्गात, म्हणजे ६... घो-जी८ नंतर, ७. उं-सी४. आता एफ७ हे घर केवळ राजाच्या भरवशावर उभे आहे. इथून काळ्याची दोन उत्तरे नीट समजून घ्यायला हवीत.

पहिले उत्तर ७... उं-बी४. यावर ८. व-एफ३, आणि एफ७ वर थेट मात करण्याची धमकी. ८... घो-एच६ ने बचाव होत नाही, कारण ९. उं×एच६ नंतर जी-प्याद्याने उंट मारला, तर व×एफ७ मात होते. बहुतेक खेळाडू म्हणूनच ८... एफ६ खेळतात. इथे पांढऱ्याने घाईने ई×एफ६ मारणे ही मोठी चूक आहे, कारण त्यामुळे जी८ वरचा झोपलेला घोडा फुकटात बाहेर येतो. योग्य चाल ९. लहान किल्लेकोट ही आहे. आता काळ्याने ९... एफ×ई५ मारले, तर एफ-पट्टी उघडते आणि १०. व-एफ७ मात. म्हणजे एफ६ चे ते प्यादे दिसायला मोकळे असले, तरी त्याला ई५ वर मारता येत नाही.

काळ्याचे खरे उत्तर ९... डी५ हे आहे. १०. ई×डी६, अर्थात आँ पासाँ नियमाने (दोन घरे पुढे आलेल्या प्याद्याला शेजारच्या प्याद्याने लगेच तिरपे मारणे), व×डी६ नंतर काळ्याचा वजीर डी४ च्या प्याद्यावर रोखलेला असतो आणि त्याचे मोहरे मोकळे होऊ लागतात. इथे काळा सुस्थितीत आहे हे मान्य करूनच पुढे खेळावे. ११. घो-ई४ ने वजिरावर हल्ला करता येतो. हत्ती ई१ वर आणायचा असेल, तर एक गोष्ट विसरू नये: बी४ वरचा उंट सी३ च्या घोड्याआडून ई१ कडे पाहत असतो, त्यामुळे नंतर तो घोडा हलवल्यास हत्ती जाईल.

दुसरे उत्तर ७... डी५. काळा एक प्यादे परत देऊन आपल्या उंटाची वाट उघडतो, आणि तयारीने आलेला प्रतिस्पर्धी बहुधा हेच खेळतो. ८. उं×डी५ सी६ ९. उं-बी३. आता आपल्याकडे घोड्याच्या बदल्यात दोन प्यादी आहेत.

*धोका:* इथे ९. उं×एफ७ शह असे दुसरे बलिदान करण्याची फार मोठी ओढ असते. ते करू नये. रा×एफ७ नंतर एफ३ वरून वजिराचा शह मिळतो, पण त्यापुढे हल्ला नेण्यासाठी सी३ चा घोडा सोडून एकही मोहरा तयार नसतो.

त्याऐवजी किल्लेकोट करून मग घोडा ई४ वर आणावा. ई५ च्या प्याद्यामुळे डी६ हे घर त्या घोड्यासाठी पक्के झालेले असते. ९... उं-ई६ आल्यास आपण स्वतःहून उंटांची मारामारी करू नये. बी३ वर काळ्याने मारले, तर ए-प्याद्याने परत मारावे, म्हणजे हत्तीला ए-पट्टी मिळते.

टप्पा ५: घोडा सी६ वर गेला तर

५... घो-सी६ नंतर क्रम उलटा होतो: आधी ६. डी५, आणि मगच ई५.

इथे सवयीने ६. ई५ खेळले, तर घो-जी८ नंतर आपली अडचण होते. सी६ वरच्या घोड्याला हाकलण्यासाठी डी५ खेळावे, तर ई५ च्या प्याद्याचा आधार निघून जातो आणि तो घोडा ई५ चे प्यादे फुकट मारतो. जी६ मार्गात ई५ आधी आणि सी६ मार्गात डी५ आधी, एवढा एक भेद पक्का झाला, तरी निम्म्या चुका टळतील असे माझे मत आहे.

६. डी५ नंतर सर्वांत सहज सुचणारे उत्तर ६... घो-ई५. त्यावर ७. एफ४ घो-जी६ ८. ई५ घो-जी८ ९. डी६. मी विद्यार्थ्यांना या स्थितीवर सर्वाधिक वेळ द्यायला सांगतो. ९... सी×डी६ १०. ई×डी६ नंतर डी६ वर पाचरीसारखे बसलेले प्यादे डी७ च्या प्याद्याला अडवते, त्यामुळे सी८ चा उंट कोंडला जातो. एफ८ चा उंट ई७ वर येऊ शकत नाही, आणि त्याने डी६ वर मारले तर डी१ चा वजीर त्याला परत मारतो. काळ्याकडे एक घोडा जास्त आहे खरा, पण त्याचे दोन्ही उंट आणि एक हत्ती डावाबाहेर आहेत.

काळ्याचा उत्तम बचाव १०... व-एफ६, ज्याने डी६ आणि एफ४ दोन्हींवर दाब येतो. यावर ११. घो-बी५ खेळावे: डी६ ला दुसरा आधार मिळतो आणि सी७ वर शह देऊन ए८ चा हत्ती घेण्याची धमकी उभी राहते. एफ४ चे प्यादे गेले तरी घाबरू नये. ११... घो×एफ४ १२. उं×एफ४ व×एफ४ १३. घो-सी७ शह, राजा डी८, १४. घो×ए८ ने हत्ती हाती लागतो.

*तपासणी:* ई५ खेळण्यापूर्वी दर वेळी एक प्रश्न विचारावा: या प्याद्याला आधार कोणाचा? प्यादे डी४ किंवा एफ४ वर असेल, तर उत्तर सोपे आहे. दोन्ही नसतील, उदाहरणार्थ ६... घो-बी८ ७. ई५ व-ई७ या क्रमात, तर ८. व-ई२ खेळून आधी आधार द्यावा. काळ्याने ७... घो-जी८ खेळले, तर ८. डी६ ने तीच पाचर बसवता येते.

टप्पा ६: काळ्याने मोहरा परत दिला तर

अनुभवी खेळाडू हल्ला सोसत बसत नाहीत. ते योग्य क्षणी मोहरा परत देतात. अशा वेळी पांढऱ्याने हल्ल्याचा हट्ट सोडून साधा, विकासाचा खेळ करायला हवा, आणि तेच अनेकांना जमत नाही.

५... उं-डी६ आल्यास ६. डी×ई५ उं×ई५ आणि बळ समान. ७. उं-डी३ ने ई४ च्या प्याद्याला आधार द्यावा, कारण काळा सी३ चा घोडा मारून मग ई४ वर मारण्याच्या तयारीत असतो. ५... उं-बी४ ६. डी×ई५ घो×ई४ ७. व-डी४ नंतरही डाव जवळपास बरोबरीत येतो.

सर्वांत जपून खेळण्याजोगे उत्तर सी६ मार्गातले आहे: ६. डी५ उं-बी४ ७. डी×सी६ घो×ई४ ८. व-डी४ व-ई७. पांढरा वजीर इथे ई४ चा घोडा, बी४ चा उंट आणि जी७ चे प्यादे या तिघांकडे पाहत असतो, त्यामुळे काहीतरी लगेच मारावेसे वाटते. घोडा आणि उंट या दोघांनाही काळ्या वजिराचा आधार आहे, म्हणून ते दोन्ही मारणे म्हणजे वजीर गमावणे. ९. व×जी७ शक्य असले, तरी घो×सी३ या चालीने ई-पट्टीत काळ्या वजिराचा शह उघडतो, आणि त्यानंतर तोच घोडा पुन्हा हलला की बी४ च्या उंटाचा दुसरा शह उघडतो. असे दोन शह एकापाठोपाठ सोसण्याऐवजी ९. उं-ई३ ने ई-पट्टी बंद करावी आणि मग १०. उं-डी३ खेळून किल्लेकोटाकडे वळावे.

टप्पा ७: दहाव्या चालीनंतर

इथपर्यंत आल्यावर पुढच्या चाली पाठ करता येत नाहीत, परंतु काही निर्णय वारंवार येतात.

वजीर की प्यादे, हा पहिला निर्णय. वजीर एफ३ वर असताना एफ२ चे प्यादे पुढे जाऊ शकत नाही. एफ७ वर मातेची धमकी उभी राहत असेल, तरच वजीर एफ३ वर न्यावा. काळ्याने एफ७ आधीच राखले असेल, तर ते घर मोकळे ठेवून एफ४ आणि एफ५ ने जी६ च्या घोड्याला पुन्हा हाकलावे. एफ४ खेळताना सी१ चा उंट मार्गात कुठे अडलेला नाही ना, हे पाहावे. आधार नसेल, तर जी६ चा घोडा ते प्यादे उचलून नेतो.

दुसरा निर्णय मारामारीचा. आपण एक मोहरा मागे आहोत, म्हणून वजिरांची मारामारी शक्यतो टाळावी. वजीर पटावरून गेले, की काळ्याच्या अडकलेल्या राजाला फारशी भीती उरत नाही. याला अपवाद एकच: मारामारीनंतर आपल्याकडे घोड्याच्या बदल्यात तीन प्यादी राहत असतील आणि त्यांतील काही पुढे गेलेली असतील, तर त्या शेवटाचा विचार करता येतो.

तिसरा निर्णय पट्टी उघडण्याचा. काळ्याचा राजा ई८ वर असेपर्यंत ई किंवा एफ पट्टी उघडण्याची संधी शोधावी. त्याने किल्लेकोट केला असेल, तर ई५ चे प्यादे बदलून टाकण्यापेक्षा टिकवणे हिताचे, कारण तेच काळ्या घोड्याला एफ६ पासून दूर ठेवते.

*तपासणी:* प्रत्येक तिसऱ्या चालीनंतर दोन्ही बाजूंचे बाहेर आलेले मोहरे मोजावेत. किल्लेकोट केलेला राजा हाही एक मोहरा धरावा. आपली आघाडी तीन किंवा अधिक असेल, तर हल्ला जिवंत आहे. ती एकावर आली असेल, तर नवे बलिदान न शोधता दिलेले बळ प्याद्यांच्या रूपाने परत मिळवण्याच्या मागे लागावे. हे माझे ढोबळ माप आहे, पण घड्याळ धावत असताना तेवढेच वापरता येते.

टप्पा ८: सराव

इंजिनाविरुद्ध, म्हणजे बुद्धिबळ खेळणाऱ्या संगणक-प्रोग्रामविरुद्ध, पूर्ण डाव खेळून हा प्रकार शिकता येत नाही, कारण इंजिन योग्य वेळी मोहरा परत देते आणि आपल्याला हल्ला चालवण्याचा अनुभवच मिळत नाही. ५. डी४ नंतरची स्थिती पटावर मांडून आपल्या बरोबरीच्या सोबत्याशी दहा-दहा मिनिटांचे डाव खेळावेत, आणि प्रत्येक डावानंतर रंग बदलावेत. काळ्या बाजूने बसल्यावर कोणत्या चाली खरोखर त्रास देतात, हे जितके लवकर कळते तितके वाचून कळत नाही.

डाव लिहून ठेवावेत आणि नंतर दोनच गोष्टी शोधाव्यात: काळ्याने किल्लेकोट कितव्या चालीला केला, आणि त्याच्या आधी आपली कोणती चाल कोणत्याही धमकीशिवाय खेळली गेली. इंजिन उघडायचे ते यानंतर, आणि केवळ त्या एका चालीच्या जागी काय खेळता आले असते हे पाहण्यासाठी. जी६ मार्गाचे किमान दहा आणि सी६ मार्गाचे दहा डाव झाल्याशिवाय स्पर्धेत चौथ्या चालीला ई५ वर घोडा मारू नये.